बोटांच्या पैशाची लेन्स

प्रीतमला कुणी विचारलं, बाबा तू काय काम करतोस, तर हा पठ्ठ्या कधी ‘कंपनीत आहे’ म्हणायचा नाही. ‘फोटोग्राफर आहे’ म्हणायचा. आठवड्याचे सहा दिवस आमच्या चाकणच्या कंपनीत प्रेसवर पत्रा घालायचा, ओव्हरटाइम धरून बारा-बारा तास, आणि रविवारी कुणाच्या तरी साखरपुड्यात नाहीतर बारशात कॅमेरा गळ्यात अडकवून फिरायचा. मी त्याला चिडवायचो, “सहा दिवसांची नोकरी खोटी आणि एका दिवसाची खरी, असं का रे?” तर मान हलवून म्हणायचा, “हाव ना कुलदीपभाऊ. तसंच हाय.”

मी कुलदीप. त्याच प्रेस शॉपला सेटर. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, तो बसवायचा, मशीन लावून द्यायची आणि शिफ्टचं टार्गेट निघतंय का ते बघायचं. मी इथलाच. आमची जमीन कंपन्यांत गेली, तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली, त्यातली माझी. म्हणजे मी कायम. प्रीतम हिंगोलीकडचा, येऊन अकरा वर्षं झाली तरी ठेकेदाराच्या हजेरीवर. चहाच्या सुट्टीत आम्ही मोबाइल काढायचो, हा स्क्रॅपमधला एखादा गोल वॉशर उचलून एक डोळा मिटून त्यातून बघत बसायचा. कॅन्टीनवाल्याकडे, क्रेनकडे, माझ्याकडे. मी म्हणायचो, “अरे येड्या, काय बघतो?” तर म्हणायचा, “किती मावतं ते बघायलो.”

फोटो मात्र काढायचा, राव! माणसाला ‘हसा’ म्हणून सांगायचा नाही. माझ्या आईचा फोटो काढला त्यानं, चुलीपुढं नाही, देवापुढं नाही, तर दारात भाजीवालीशी भांडताना. आई आधी चिडली. आता तो मोठा करून भिंतीवर लावलाय आणि येईल त्याला तीच दाखवते. कॅमेरा जुनाच, कुणीतरी वापरून टाकलेला, आणि त्याच्याबरोबर आलेली साधी लेन्स. “एक चांगली लेन्स घेणार भाऊ,” हे वाक्य मी सात वर्षं ऐकत होतो. दर दिवाळीला बोनस यायचा आणि दर दिवाळीला गावाकडनं काहीतरी निघायचं.

लेन्स घेतली त्यानं शेवटी. कशी घेतली ते सांगतो, आणि त्यात माझा हात किती तेही सांगतो. न सांगून आता काही उपयोग नाही.

आमच्या त्या जुन्या प्रेसला दोन बटणं आहेत. एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस पडत नाही. का, तर दोन्ही हात बटणावर असले म्हणजे डायमध्ये राहत नाहीत. शहाण्या माणसानं केलेली सोय. पण दोन्ही हात बटणावर अडकले की पत्रा घालायला, काढायला वेळ जातो आणि हजार नग निघत नाहीत. मग काय करतात, तर एका बटणात लाकडाची बारीक पाचर मारून ते दाबलेलंच ठेवायचं. एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पत्रा. आमच्या पट्ट्यात किती शॉपमध्ये हे चालतं ते जाऊन बघा, मी एकटाच पापी नाही. पण त्या मशीनवरची पाचर मी मारली होती, माझ्या हातानं. प्रीतमनं पण कधी ‘काढा’ म्हटलं नाही. त्यालाही घरी जायचं असायचं.

वर आणखी त्या प्रेसचा क्लच ढिला झालेला. आठवड्यात दोनदा आपोआप पडली होती. मी मेंटेनन्सला सांगितलं, ते म्हणाले रविवारी बघू. रविवार उजाडायच्या आत गुरुवार आला.

त्या गुरुवारी मी त्याच्यापासून चार पावलांवर होतो. मी पाहिलं. त्याचा उजवा हात डायमध्ये पत्रा सरळ करत होता आणि डावा हात बाजूच्या थप्पीवर, पुढचा पत्रा उचलायला गेलेला. बटणावर हात नव्हता. प्रेस पडली. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून गेलं, मधलं अर्धं.

दवाखान्यात नेताना गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रडत नव्हता. एकच म्हणत होता, “मी दाबलं न्हाई. भाऊ, मी दाबलंच न्हाई.” पिंपरीपर्यंत तेच. मी ‘व्हय रे, व्हय रे’ करत होतो. पाचर तेव्हा माझ्या खिशात होती, कारण ऑफिसातले साहेब मशीनपाशी यायच्या आत मी ती उपटून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी कागद तयार होऊन आला. ‘उजवा हात डायमध्ये असताना कामगाराने दोन बटणांचा नियम मोडून स्वतः बटण दाबले.’ खाली माझं नाव आणि सहीची जागा. मी सही केली. काय कारण सांगू? घराचे हप्ते, पोरांची फी, सगळी कारणं आहेत, आणि सगळ्यांची मिळून एकच गोष्ट होते. घाबरलो. प्रीतमला मी सांगितलं, “माझी पाठ होती रे तुझ्याकडं. मला दिसलं न्हाई. ऑफिसनं लिहिलं, मी सही केली.” तो म्हणाला, “तुम्ही तरी काय करणार भाऊ.” शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं विश्वास ठेवला, आणि तो माझ्या घशाखाली आजपर्यंत उतरला नाही.

दोन-अडीच महिन्यांनी बोटांचे पैसे आले, भरपाईचे. फार नव्हते. ठेकेदारानं त्याला पॅकिंगला घेतलं, खोक्यांना चिकटपट्टी लावायला, पगार आधीपेक्षा कमी. मी एक दिवस त्याच्या खोलीवर गेलो. बायको पूनम भाकरी करत होती. तिनं हात पुसले, आतनं पाकीट आणलं आणि माझ्यापुढं त्याच्या मांडीवर ठेवलं.

“पस्तीस हजार हायत. बाकीचे पोरीच्या नावानं टाकलेत, त्याला मी हात लावू देणार न्हाई. ह्याच्यात काय बसंल ती लेन्स घ्या आन् एकदाचं माणसात या.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “रात्रंदिस कॅमेरा पुसायलेत दादा. फोटो एक काढीत न्हाईत. नुसता पुसायलेत.”

प्रीतम पाकिटाकडं बघत म्हणाला, “कामून म्हणून घ्यावी भाऊ? दाबायचं बोटच गेलं. डाव्या हाताचा कॅमेरा जगात कोणी करत न्हाई. मी बघितलं शोधून.”

तेव्हा मी दादासाहेबांचं नाव काढलं. दादासाहेब म्हणजे माझे चुलते, आमच्या गावच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष आणि पक्के गाडामालक. आमच्याकडं चैत्रात यात्रेला बैलगाड्यांच्या शर्यती असतात. घाट म्हणजे चढाची लांब धावपट्टी. चार बैल गाड्याला, पुढं घोडी, आणि खालून वरपर्यंत बारा-तेरा सेकंदांत खेळ खलास. त्या एका धावेला बारी म्हणतात. गाडामालकाला त्या बारीचा फोटो जिवापाड हवा असतो, बैलांचे पाय उचललेले, घोडी पुढं, असा. घरात लग्नाचा फोटो नसला तरी चालेल, बारीचा पाहिजे. दादासाहेबांचा जुना फोटोवाला आता स्वतःचा स्टुडिओ टाकून बसला होता, घाटावर येत नव्हता. मी म्हटलं, “घाटात पळावं लागत न्हाई. एका जागी उभं राहायचं. यात्रेला फोटो दाखव, जमलं तर म्हातारा तुला सीझनभर सगळ्या घाटांवर बरोबर नेईल. मी बोललोय.”

बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी बोललो.

प्रीतमनं विचार केला, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज जुन्यासारखा झाला. “लांबची लेन्स लागंल. जड. ती काठीवर उभी करायची. वायरचं बटण मिळतं भाऊ कॅमेऱ्याला, ते डाव्या अंगठ्यानं दाबायचं. होईल. हे होईल भाऊ!”

पुढच्या रविवारी त्याला गाडीवर मागं बसवून पिंपळे सौदागरला नेलं. तिथं मारुतरावांचं दुकान आहे, मोठमोठ्या सोसायट्यांच्या मधे, जिन्याखाली. जुने कॅमेरे, जुन्या लेन्स. जुन्या म्हणजे नावालाच. हिंजवडीतली पोरं पगार झाला की लाखाची लेन्स घेतात, दोनदा लोणावळ्याला नेतात आणि वर्षानं इथं आणून टाकतात. मारुतराव पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. प्रीतम उजवा हात खिशात घालून उभा राहिला.

“बजेट बोला,” मारुतराव म्हणाले.

“पस्तीस. त्याच्यावर रुपाया न्हाई.”

त्यांनी तीन लेन्स फडक्यावर मांडल्या. पहिली बारकी, मुठीत मावणारी, नऊ हजाराची कोरी. अंधारात छान चालते, पण माणसाच्या जवळ जावं लागतं. दुसरी लांबची पण प्लॅस्टिकची, चौदा हजार. “उजेड असला तर ठीक. ऊन उतरलं की काळवंडते, आणि पळणारी वस्तू हिला लवकर सापडत नाही,” ते स्वतःच म्हणाले. तिसरी धातूची, जाड, नळकांड्याएवढी, वजनाला दीड किलो. तिला खालून काठीला बसवायची कडी होती. पंचेचाळीस हजार.

प्रीतमनं तिसरीकडं लगेच बघितलंच नाही. आधी पहिली उचलली, मग दुसरी, दोघींना प्रामाणिकपणे तपासलं, आणि मग तिसरीपाशी येऊन थांबला. लेन्स कॅमेऱ्याला लावायची तर दोन्ही हात लागतात. उजवा हात खिशातून बाहेर आला.

मारुतरावांनी बघितलं. मग एकदम गोड आवाजात म्हणाले, “कसंय, एवढं वजन कशाला घेता? हल्ली मोबाइलसुद्धा फार सुंदर फोटो काढतात. माझ्याकडे एक आहे...”

माझं डोकंच सटकलं. “ओ, तुम्हाला लेन्स विकायची का न्हाई? त्यानं मोबाइल मागितला का? मागितला का मोबाइल?”

“भाऊ, ऱ्हाऊ द्या,” प्रीतम म्हणाला. त्यानं डाव्या हातानं ती जड लेन्स पेलली, कॅमेऱ्याला बसवली, आणि दाराबाहेर समोरच्या सोसायटीच्या पाचव्या मजल्यावर धरली. तिथं एक बाई कपडे वाळत घालत होती. तो बघत राहिला. उजव्या हाताचं उरलेलं तिसरं बोट बटणाकडं सरकवायला गेला, पकड सुटली, कॅमेरा कलंडला, मी खालून धरला.

मग त्यानं लेन्स काढून मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात आतून बघितली. “बुरशी हाय ह्याच्यात. कडंला.”

“आहे थोडी,” मारुतराव म्हणाले. “मारुंजीला भाड्याच्या खोलीत पेटीत पडून होती वर्षभर. फोटोत येत नाही. चाळीसला देतो.”

मी खिशातून पाच हजार काढले. खरं सांगतो, ते काढताना मला किती बरं वाटलं! वाटलं, चला, एवढं तरी. प्रीतमनं माझं मनगट धरलं.

“न्हाई भाऊ. हे माझ्या बोटांचे पैसे हायत. ह्याच्यात दुसऱ्याचे मिसळायचे न्हाईत.”

“अरे उसने समज.”

“न्हाई.”

मी नोटा धरून तसाच बावळटासारखा उभा. शेवटी मारुतरावांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, परत कपाळावर ठेवला आणि म्हणाले, “पस्तीसला घेऊन जा. पण परत आणायची नाही हां. काही झालं तरी परत घेणार नाही.” प्रीतमनं डाव्या हातानं पैसे मोजून दिले. परत येताना नाशिक फाट्यापर्यंत तो मागं ती लेन्स पोटाशी धरून बसला होता, आणि प्रत्येक खड्ड्याला मला शिव्या घालत होता.

काठी मी केली. बाजारात मिळते, पण तेवढे पैसे त्याच्याकडं उरले नव्हते आणि माझे घेईना. मी टूलरूममधून एक हलका पाइप आणला, वर लेन्सच्या कडीत बसेल असा बोल्ट वेल्ड करून घेतला, खाली रबर. वायरचं बटण चारशे रुपयांचं, ते त्यानं आणलं. त्याचा डावा अंगठा पाइपवर कुठं येतो ते बघून मी ते पट्टीनं आवळून बसवलं. म्हणजे पुन्हा एकदा त्याचं बटण मीच बसवलं. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं आणि पट्टी हातातनं सुटली. प्रीतम म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, चहा प्यायला नाही.

दोन महिने त्यानं सराव केला. रविवारी तळेगाव चौकाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला काठी रोवून उभा राहायचा आणि येणाऱ्या गाड्यांचे फोटो काढायचा. ट्रक, टेंपो, कंपन्यांच्या बसा. ट्रॅफिकवाला दोनदा हटकून गेला. अडचण एकच होती. समोरून काही जोरात आलं की उजवा हात आपोआप कॅमेऱ्यावर जायचा, जुन्या जागी. तिथं दाबणारं काहीच नव्हतं, आणि डावा अंगठा तसाच पडून राहायचा. त्यावर त्यानंच उपाय काढला. उजवा हात खिशात. काही झालं तरी बाहेर काढायचा नाही. पूनमनं त्याच्या पँटीचा खिसा उसवून आणखी खोल करून दिला. हळूहळू दहातले आठ फोटो मिळायला लागले. एका मोटरसायकलवाल्याच्या मागं बसलेल्या बाईचा पदर चाकाकडं जातोय आणि ती नवऱ्याच्या खांद्यावर थापट्या मारतेय, असा एक फोटो त्यानं मला दाखवला. मी म्हटलं, “बास, जमलं तुला.” तो म्हणाला, “यात्रेत जमलं म्हणजे जमलं.”

त्याचं सगळं त्या एका दिवसावर होतं. पॅकिंगचं त्याच्या जिवावर आलेलं. “खोके चिकटवीत मरायचं न्हाई मला,” असं त्यानं मला अगदी सरळ सांगितलं होतं.

यात्रा चैत्रात, रविवारी. घाटाच्या वरच्या टोकाला, निशाणाच्या थोडं पलीकडं बांबू बांधले होते, तिथं त्याला जागा मिळवून दिली. समोरून बैल थेट अंगावर येताना दिसतात. मी दिवसभर त्याच्याजवळच होतो. दादासाहेब फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन एकदा येऊन गेले. त्याचा हात त्यांनी आधीच बघितलेला होता. म्हणाले, “हे बघ पोरा, मला दया-बिया येत न्हाई. माझ्या गाड्याचा फोटू आला पायजे. आला तर सीझन तुजा.”

“येईल दादासाहेब.”

सकाळपासून तीस-पस्तीस बाऱ्या झाल्या. हात खिशात, डावा अंगठा बटणावर. मी मधेच कॅमेऱ्याच्या मागं वाकून बघत होतो. काय फोटो होते, राव! नाकपुड्या फुललेले बैल, घोडीवाल्याचा शर्ट फुगलेला, मागं धूळ. दोन गाडामालक तिथंच नंबर देऊन गेले. प्रीतमच्या कपाळावर भंडारा लागला होता आणि तो गालात हसत होता. मला वाटलं, सुटलो. अगदी खरं बोलायचं तर त्याच्यापेक्षा मीच सुटलो असं वाटलं.

जेवणानंतर स्पीकरवर दादासाहेबांच्या गाड्याचा पुकारा झाला. सगळा घाट उभा राहिला. खाली बैल जुंपताना दिसत होते. प्रीतमनं एकदा श्वास घेतला, कॅमेऱ्याला डोळा लावला.

गाडा सुटला. सुटला तो असा सुटला की आमच्या घाटानं तसा पाहिला नव्हता. निम्म्यावर आला आणि घोडीचा पाय घसरला. घोडीवाला एका बाजूला लोंबला, बैल त्याच्या टाचांवर. हजार माणसं एकदम ओरडली. आणि घोडीनं स्वतःला सावरलं, घोडीवाला परत बसला, चारही बैल तोंडं वर करून आमच्या दिशेनं.

तेवढ्यात मला प्रीतमचा हात दिसला. उजवा. खिशातून कधी बाहेर आला कळलंच नाही. कॅमेऱ्यावर जुन्या जागी चढला होता, आणि बोट जिथं नाही त्या जागेवरची शीर हलत होती. दाबत होती. परत परत दाबत होती. आणि खाली पाइपवर त्याचा डावा अंगठा बटणाच्या शेजारी निवांत पडलेला.

माझा हात त्या बटणापासून वीतभर लांब होता. मी नुसतं बोट पुढं केलं असतं तरी पुरलं असतं. मी बघत राहिलो. ह्या वेळीपण मी नुसता बघत राहिलो.

बैल निशाणावरून गेले. घड्याळात अकरा सेकंद आणि वर काहीतरी, दिवसातली सगळ्यात चांगली बारी. भंडारा उधळला, माणसं घाटात घुसली. प्रीतम कॅमेऱ्यावरनं डोळा काढून माझ्या गळ्यातच पडला. “घावला! भाऊ, घोडी घसरली तवापासून घावला! सगळं घावलं!”

त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. शेवटचा फोटो आधीच्या बारीचा होता. त्यानं पुढं केलं, मागं केलं. परत पुढं केलं.

“मी दाबलं,” तो म्हणाला. “भाऊ, मी दाबलं. लागलं ना मला बोटाला.” आणि त्यानं मला हात दाखवला, ती रिकामी जागा. “इथं लागलं.”

गाडीतला तोच आवाज होता. तेव्हा तो सांगत होता दाबलं नाही आणि मी लिहून दिलं, दाबलं.

दादासाहेब आले, फेटा सुटलेला, डोळ्यांत पाणी. “दाखव रं! घसरली तवाचा दाखव!”

प्रीतम अजून पडद्यावर मागं-पुढं करत होता. मग मीच पुढं झालो. “दादा, त्यानं बरोबर दाबलं व्हतं. मी शेजारीच हुतो, माझ्या डोळ्यांनी बघितलं. कॅमेरा अडकला ऐन वक्ताला.”

दादासाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्या हाताकडं. म्हातारा आयुष्यभर बैलाच्या पायावरून बैल ओळखत आलाय. ओरडला नाही. प्रीतमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “ही बारी आता परत न्हाई पळायची, बाळा. आजचे पैसे पुरे घिऊन जा. पर पुढच्या घाटाला मी दुसरा बगतो. तू वाईट वाटून घिऊ नको.” आणि माणसांत निघून गेला.

मी म्हटलं, “प्रीतम, मी बोलतो त्यांच्याशी. संध्याकाळी परत बोलतो. बाकीचे पस्तीस फोटो...”

“तुम्ही बघितलं?” त्यानं विचारलं.

“काय?”

“मी दाबताना. तुम्ही बघितलं म्हणालात.”

“व्हय. बघितलं.”

“आख्खा घाट बैलांकडं बघायला होता भाऊ. घोडी पडायली होती. अन् तुम्ही माझ्या हाताकडं बघायलेत?”

मला पुढचं कळलं. तो माझ्याकडं बघत होता, रागानं नाही, वॉशरमधून बघायचा तसा, एक डोळा बारीक करून.

“मंग त्या दिवशी बी बघतच असताल,” तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. ‘माझी पाठ होती’ हे वाक्य जिभेवर तयार होतं, इतक्या वेळा बोललेलं. ते आलं नाही, आणि दुसरंही काही आलं नाही. चार पावलांवर असल्यासारखा उभा राहिलो. त्यानं थोडा वेळ वाट बघितली. पाच-सहा सेकंद असतील.

स्पीकरवर पुढच्या गाड्याचा पुकारा झाला. प्रीतमनं उजवा हात खिशात घातला, खोलवर, आणि डावा अंगठा बटणावर ठेवला. खाली बैल जुंपत होते.

“बाजूला व्हा कुलदीपभाऊ,” कॅमेऱ्यातून डोळा न काढता तो म्हणाला. “मधे यायलेत तुम्ही.”

मी बाजूला झालो.